गोणी शिवण्याआधी कळवा

[लासलगाव बाजार समिती, सकाळ]

ट्रॅक्टरांची ही रांग पाहा. ट्रॉलीचं फाळकं उघडलं की कांदा घरंगळत खाली येतो. व्यापारी दोन-चार कांदे उचलून दाबून बघतात आणि पुकारा सुरू होतो. एका ट्रॉलीला मिनिटभरही लागत नाही. भावाची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडते, ट्रॉली काट्याकडे वळते.

तिथून माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर. आता हे हात बघा. डागी कांदा बाजूला, जोड कांदा बाजूला, गोलटी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी. टरफल सुटलेला कांदा निर्यातीच्या मालात चालत नाही. या मावशींना मोजपट्टी लागत नाही, आकार बोटांनाच कळतो. मग जाळीची गोणी भरते, तोंड शिवलं जातं, गाडी लागते.

[कसारा घाट]

घाट उतरून गाडी न्हावाशेवा बंदराला. जहाजावर जागा आधीच घेतलेली, दर ठरलेला, दुबई-कोलंबोच्या गिऱ्हाइकाला शब्द दिलेला. खळं सोडल्यापासून जहाजावर चढेपर्यंत मधे दिवस जातात, आणि नेमका तेव्हाच दिल्लीचा आदेश येऊन धडकतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरात टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याहून कमी दराने माल बाहेर पाठवायचा नाही. ८ डिसेंबरला थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबरात अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. हे सगळं वीस महिन्यांत. शहरातल्या घरात कांदा परवडला पाहिजे, यावर आमचा वाद नाही. पण लिलाव बंद पडले, कंटेनर बंदरात अडकले, गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे गेलं.

खासदारांना म्हणूनच आमचं सांगणं आहे: नियम बदलायचा तर आधी कळवा, आणि गोणी शिवून निघालेला माल जुन्या नियमाने जाऊ द्या.

[सातपूर औद्योगिक वसाहत, नाशिक]

लेथवर जॉब फिरतोय. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या अशा छोट्या शेड सातपूर-अंबडमध्ये गल्लोगल्ली आहेत. माल गेला की बिलाच्या पैशांची वाट बघायची. २००६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. थकले तर दाद सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, मागायची, आणि तिने ९० दिवसांत निकाल द्यायचा. कायदा दिल्लीचा, पण परिषद नेमायची राज्याने! आमदारांना इतकंच विचारायचं आहे, की ते ९० दिवस प्रत्यक्षात पाळले जावेत यासाठी परिषदेला पुरेशी माणसं कधी मिळणार?

विजेचा दरही राज्यातच ठरतो. शेजारच्या गुजरातशी स्पर्धा करणाऱ्या शेडला तो परवडला पाहिजे.

[निफाड]

कंटेनरची कस्टम तपासणी इथेच व्हावी, सील लागावं आणि माल रेल्वेने थेट बंदरात जावा, यासाठी निफाड साखर कारखान्याच्या जमिनीवर ड्राय पोर्ट करायचं ठरलं. बंदर केंद्राचं, जमिनीची कागदपत्रं राज्याची. ठरून बरीच वर्षं झाली.

ही ती जागा.