एका कडव्याने वाचलेली मान

श्रोतेहो, नमस्कार.

साल १५९८. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात बेन जॉन्सन हा तरुण नाटककार आरोपी म्हणून उभा होता. हॉक्स्टनच्या मैदानात झालेल्या द्वंद्वात त्याच्या हातून गेब्रिएल स्पेन्सर हा नट मारला गेला होता. जॉन्सनने गुन्हा कबूल केला. शिक्षा ठरलेली होती, फाशी. पण त्याने बायबल मागितलं, लॅटिनमधलं कडवं वाचून दाखवलं आणि तो सुटला! मालमत्ता जप्त झाली, अंगठ्यावर डाग बसला, एवढंच.

हे कसं घडलं? मध्ययुगात धर्मगुरूंचा न्याय चर्च करी, आणि चर्च देहदंड देत नसे. धर्मगुरू कोण, तर ज्याला वाचता येतं तो. होता होता ही सवलत वाचता येणाऱ्या कुठल्याही पुरुषाला मिळू लागली. मग १४८९ साली सातव्या हेन्रीच्या राजवटीत कायदा झाला की सामान्य माणसाला ती आयुष्यात एकदाच. खूण म्हणून डाव्या अंगठ्याच्या मांसल भागावर डागायचं : मनुष्यवधाला एम, चोरीला टी. तो माणूस पुन्हा पकडला गेला, की आधी त्याचा अंगठा बघत.

वाचायला बहुधा ५१वं स्तोत्र देत, 'हे देवा, माझ्यावर दया कर'. त्यामुळे अक्षरशत्रू माणसंही ते घोकून ठेवत. न्यायाधीशाच्या मनात असलं तर तो कानाडोळा करी. नसलं तर दुसरंच पान उघडायला लावी. माणसाचा जीव अशा लहरीवर टांगलेला असावा, याची मला आजही चीड येते.

आणि बायका? घरकाम करणाऱ्या मुलीने मालकिणीचं कापड चोरलं, तर तिला वाचता येऊनही उपयोग नव्हता, कारण बाई धर्मगुरू होऊच शकत नव्हती. १६२३ साली १० शिलिंगपर्यंतच्या चोरीपुरती सूट मिळाली. पुरुषांची बरोबरी थेट १६९१ मध्ये. एरवी आधार एकच, पोटात मूल असणं. पोक्त बायकांची ज्यूरी तिला तपासे, आणि दिवस गेलेले असतील तर फाशी बाळंतपणापर्यंत लांबे. पुष्कळदा ती मग दिलीच जात नसे.

ज्यूरीतल्या पुरुषांनीही एक वाट शोधली होती. बारा पेन्सांहून जास्त किमतीची चोरी म्हणजे फाशी, हा नियम तेराव्या शतकातला. महागाई वाढली, आकडा तिथेच राहिला. म्हणून चोरलेली वस्तू कितीही किमती असो, ज्यूरी शपथेवर सांगे, 'दहा पेन्स'. आरोपीला फटके बसत, जीव वाचे. ही माणसं खोटं बोलली, आणि त्यांनी बरोबरच केलं, असं मी म्हणेन.

घोडा चोरणाऱ्याला आणि खिसेकापूला मात्र सोळाव्या शतकातच या सवलतीतून वगळलं होतं. त्यांना कडवं येवो न येवो, वाट टायबर्नच्या वधस्तंभाकडेच जाई. वाचनाची अट १७०६ साली गेली. बारा वर्षांनी नवा कायदा आला आणि डागून सोडायच्या ऐवजी अशा गुन्हेगारांना सात वर्षांसाठी अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवता येऊ लागलं.