पिवळी कुपी गुलाबी होते तेव्हा

[दृश्य: खळ्यावर वाळत घातलेली लाल मिरची]

हुक्केरी तालुक्यातल्या या खळ्यावर पसरलेली संकेश्वरी मिरची सीमाभागातल्या घराघरांत खर्ड्यासाठी आणि चटणीसाठी जाते, आणि पोट जळू लागले की पहिला आळही तिच्यावरच येतो. निपाणीपासून खानापूरपर्यंत या दुखण्याला मराठीत पित्त म्हणतात, कन्नडातही पित्तच म्हणतात, आणि दवाखान्यात गेल्यावर दोन्ही भाषांतली माणसे ‘गॅस्ट्रिक झालंय’ असे सांगतात. मग तिखट बंद होते, सकाळी अनशापोटी एक गोळी सुरू होते, जळजळ थांबते आणि गोळी सोडली की परत येते. आधीच सुजलेले जठर तिखटाने अधिक चुरचुरते, हे खरे आहे. परंतु जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षे सूज धरून ठेवणारे कारण बहुतेक वेळा मिरची नसते. ते असते एक जिवाणू, ज्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो डोळ्यांना दाखवता येतो, म्हणूनच ही चित्रफीत आम्ही केली आहे.

[दृश्य: खानापूर रस्ता, बेळगावकडे येणारी सकाळची बस]

मलप्रभेच्या उगमाकडच्या एका गावातून हा तिशीतला तरुण बेळगावच्या दवाखान्यात आला आहे. तीन वर्षे तो मेडिकलमधून परस्पर आणलेली पित्ताची गोळी घेत होता. डॉक्टरांनी ती गोळी तपासणीच्या दोन आठवडे आधी बंद करायला लावली, कारण आम्ल कमी करणारे औषध चालू असताना जठरातील जिवाणू इतके विरळ होतात की असूनही सापडत नाहीत आणि अहवाल खोटा दिलासा देतो. ते दोन आठवडे त्याला फार जड गेले, तरी त्याने ते काढले.

[दृश्य: दुर्बीण तपासणीचा कक्ष, मॉनिटर]

रात्रीपासून उपाशी असलेल्या या रुग्णाच्या घशावर बधिर करणारा फवारा मारून करंगळीएवढ्या जाडीची लवचीक नळी आत सोडली जाते. अन्ननलिकेची फिकट गुलाबी भिंत मागे पडते आणि घड्या घातलेल्या कापडासारखे जठर समोर उघडते. जठराचा खालचा भाग, जेथून अन्न लहान आतड्याकडे वळते, तो निरोगी माणसात गुळगुळीत आणि चकचकीत असतो. येथे मात्र लालसर पट्टे दिसत आहेत आणि त्यांच्यामध्ये अंगावर काटा यावा तसे बारीक उंचवटे उठलेले आहेत. यालाच जठरशोथ म्हणतात. तथापि लाली म्हणजे पुरावा नव्हे. ऊसतोडीच्या दिवसांत अंगदुखीवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही अस्तर सोलवटते, आणि उलट वरकरणी स्वच्छ दिसणाऱ्या जठरातही जिवाणू असू शकतो. म्हणून नळीतून आत गेलेला हा नाजूक चिमटा अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून आणतो. रुग्णाला त्याची वेदना जाणवत नाही.

[दृश्य: टेबलावरची पिवळी कुपी, कॅमेरा स्थिर]

या पिवळ्या कुपीत युरिया आणि रंग बदलणारे एक द्रव्य आहे. तुकडा आत सोडल्यानंतर आम्ही कॅमेरा तिच्यासमोर पाऊण तास तसाच उभा ठेवला. आपण पाहत आहात ते त्या पाऊण तासाचे वीस सेकंद आहेत. प्रथम तुकड्याच्या कडेला गुलाबी झाक येते, मग ती झाक पसरते आणि शेवटी पिवळा रंग कोठेही उरत नाही. माणसाच्या पेशी युरिएज नावाचे विकर बनवत नाहीत, हा जिवाणू मात्र ते भरपूर बनवतो. या विकराने युरिया फुटून अमोनिया तयार होतो, अमोनियाने द्रव अल्कधर्मी होतो आणि रंग पालटतो.

कुपीत जे घडले, तेच या जिवाणूचे जठरात तग धरण्याचे साधन आहे. अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू जठरातील तीव्र आम्लात मरून जातात, पण हा आपल्याभोवती अमोनियाचे कवच उभे करतो, चार ते सहा शेपट्यांच्या जोरावर मळसूत्रासारखा फिरत चिकट श्लेष्म्याच्या थरात घुसतो आणि आम्ल पोहोचत नाही अशा खोलीवर अस्तराच्या पेशींना जाऊन चिकटतो. त्याच्या काही वाणांकडे सुईसारखी रचना असते आणि तिच्यातून ते आपले प्रथिन थेट आपल्या पेशीत टोचतात. दुखावलेल्या पेशी रक्ताकडे हाक पाठवतात आणि पांढऱ्या पेशींची फौज अस्तरात उतरते. ही फौज जिवाणूला सहसा संपवू शकत नाही. श्लेष्म्याच्या थरात तो तिच्या हाती लागत नाही आणि तिच्या माऱ्याची झळ अस्तरालाच बसते. जिवाणू हटत नाही आणि फौजही माघारी जात नाही, म्हणून हा दाह आठवडाभराचा न राहता आयुष्यभराचा होतो.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टी]

निळ्या रंगाने रंगवलेल्या या काचपट्टीवर अस्तराच्या कडेने दिसणाऱ्या वळणदार बारीक रेघा म्हणजे तो जिवाणू होय. एका मिलिमीटर लांबीत असे तीनशेहून अधिक जिवाणू एकामागे एक मावतील. खाली दाटीवाटीने जमलेले ठिपके पांढऱ्या पेशींचे आहेत. सूज आणि तिचे कारण एकाच चौकटीत इतके शेजारी दिसत असताना वैद्यकाने ते पाहायला विसावे शतक जवळजवळ संपवले, याचे आम्हाला संपादनाच्या टेबलावरही पुन्हा पुन्हा नवल वाटत राहिले.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये सुजलेल्या जठराच्या तुकड्यांवर हे वळणदार जिवाणू दिसले. आम्लात जंतू जगूच शकत नाही, असे तेव्हा मानले जात असे. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांनी त्यांच्यासह ते प्रयोगशाळेत वाढवण्याचा प्रयत्न केला, पण दोन दिवसांत काही उगवले नाही की बशा टाकून दिल्या जात. एप्रिल १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे एक बशी जास्त दिवस तशीच राहिली आणि तिच्यात जिवाणूंची वसाहत दिसली. या जिवाणूला वाढायला तेवढा वेळच हवा होता. तरीही जिवाणूमुळे सूज येते की सुजलेल्या जागी जिवाणू वस्तीला येतो, हा प्रश्न उरला. १९८४ मध्ये मार्शल यांनी, निरोगी जठराची आधी तपासणी करून घेऊन, जिवाणूंचे द्रावण स्वतः प्यायले. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, आणि दहाव्या दिवशीच्या दुर्बीण तपासणीत जिवाणू व दाह दोन्ही आढळले. २००५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

लागण झालेल्या बहुतेकांना कसलीही तक्रार नसते. काहींना मात्र या दाहातून जठराचा किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर होतो आणि थोड्यांना अनेक वर्षांनी कर्करोग, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये हा जिवाणू कर्करोगकारक ठरवला.

[दृश्य: गावातले घर, चुलीजवळ एका ताटात जेवणारी मुले]

ही लागण बहुधा बालपणीच, दाटीच्या घरात आणि घरातल्याच माणसांकडून होते. उपचार साध्या गोळ्यांचाच आहे: आम्ल कमी करणारे औषध आणि सोबत दोन किंवा तीन प्रतिजैविके, सहसा चौदा दिवस. तोंडाला कडवट चव येते, पोट बिघडते, आणि सहाव्या दिवशी बरे वाटू लागले की पाकीट कपाटात जाते. असे अर्धवट सोडलेले औषध उरलेल्या जिवाणूंना त्या औषधाला न जुमानण्याची संधी देते. या तरुणाने रिकाम्या पाकिटांवर तारखा लिहून ठेवल्या. त्या आपल्याला दिसत आहेत.

[दृश्य: श्वासाच्या दोन पिशव्या]

औषधे संपून सहा आठवडे झाल्यावर तो फेरतपासणीला आला. चार आठवड्यांच्या आत केलेली तपासणी फसवू शकते. या वेळी दुर्बीण लागली नाही. एका पिशवीत त्याने आधीचा श्वास भरला, खूण केलेल्या कार्बनचा युरिया प्यायला आणि अर्ध्या तासाने दुसरी पिशवी भरली. जिवाणू असता तर तो युरिया फुटून खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर आला असता. दोन्ही पिशव्यांत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. पाच वर्षांपासून रोज पित्ताची गोळी घेणारा त्याचा थोरला भाऊ सोबत आला होता. त्याने त्याच खिडकीवर आपले नाव तपासणीसाठी नोंदवले.