आईचं गाणं, मुलाची गिटार

मित्रहो, जळगावात बसून निक ड्रेक या इंग्रज गायक-गिटारवादकावर बोलायचं, तर सुरुवात त्याच्या आईपासून करावी लागते. ती तुम्हाला ओळखीची वाटेल.

निकचे वडील रॉडनी बॉम्बे बर्मा ट्रेडिंगमध्ये इंजिनिअर. निकचा जन्म १९४८चा, रंगूनमधला. पुढे हे कुटुंब इंग्लंडातल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात राहायला गेलं. तिथे आई मॉली पियानोवर बसून स्वतःची गाणी रचायची, घरच्यांपुरती. रॉडनींनी ती घरच्याच टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवली. पोरगं हे ऐकत वाढलं.

मी निक पहिल्यांदा ऐकला तो भुसावळला, मित्राच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. शब्द निम्मे कळले नाहीत. पण बोटं तारांवर थांबतच नव्हती, आणि गळा त्यांच्या जरा मागून, सावकाश येत होता. मला आजीचं जातं आठवलं. दादर ज्वारी दळताना खुंट्यावरचा हात एका लयीत फिरायचा. ओवी मात्र आजीच्या मनाला येईल तेव्हा सुरू व्हायची, श्वास संपेल तिथे तुटायची, आणि मधे नुसती घरघर. निक गिटारच्या तारा नेहमीच्या सुरांत लावत नसे. वेगवेगळ्या गाण्यांना वेगळ्या लावायचा, मोकळ्या तारा खाली गुंजत राहायच्या. ती घरघर मला तिथे सापडली.

अल्बम तीनच: १९६९, १९७१, १९७२. पहिल्या दोघांत साथीला बरीच वाद्यं आहेत. तिसरा त्याने लंडनच्या स्टुडिओत दोन रात्रींत संपवला, सोबतीला फक्त ध्वनिमुद्रक जॉन वुड. जेमतेम २८ मिनिटं. गिटार, आवाज, आणि एकाच गाण्यात थोडा पियानो. माझ्यासाठी निक म्हणजे हा अल्बम. तेव्हा तो फारसा कुणी घेतला नाही. १९७४ साली, २६व्या वर्षी निक गेला.

आता आपल्या असोद्याच्या बहिणाबाई. त्या १९५१मध्ये गेल्या आणि सोपानदेवांनी जपलेली त्यांची गाणी १९५२ साली छापून आली. अक्षरओळख नसलेल्या आईचे शब्द मुलाने कागदावर धरले म्हणून आपल्यापर्यंत पोचले. ड्रेकांच्या घरी मुलगाच आधी गेला. आई १९९३पर्यंत होती. तिच्या त्या टेप लोकांसमोर आल्या तिच्यामागे अठरा-वीस वर्षांनी, आणि मुलाच्या चालीतली ती आडवळणं कुठून आली, ते तेव्हा कानांना कळलं.

आपल्याकडची पोरं आता अहिराणीत स्वतःची गाणी बांधतात, गिटारवर गातात. मला फार आनंद होतो. भेटेल त्याला मी विचारतो, तुझ्या घरी कोण गुणगुणायचं? परवा एक जण बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मनी मावशी. पापड लाटताना." आणि तिथेच उभ्या उभ्या त्याने ती चाल म्हणून दाखवली.

आता मॉलीचं एक गाणं लावतो, छोटंसंच आहे. तेवढ्यापुरते पंखे बंद करा. टेपची खरखरसुद्धा ऐकू यायला हवी.