सिरीजचा दिवा

[पडद्यावर: जुनी लाकडी पाटी. तिच्यावर बल्बचा एक होल्डर, शेजारी सॉकेट. बल्ब लख्ख पेटतो, मग मंद होत जातो.]

ही पाटी माझ्या काकांची. सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून घरी आले की चहा घ्यायचे आणि कुणाचा तरी रेडिओ उघडून बसायचे. दुरुस्तीला आलेली कुठलीही वस्तू त्यांनी कधी थेट भिंतीच्या प्लगात घातली नाही. आधी या पाटीवर. फेजची वायर बल्बमधून जाते आणि मग सॉकेटात येते. वस्तू धड असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. आत शॉर्ट असेल तर बल्बच लख्ख पेटून राहतो, आणि वस्तू जळायची वाचते. 100 वॅटच्या दिव्यातून 230 व्होल्टला अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट जातो. पुढे काहीही बिघडलेलं असो, त्याहून जास्त जाऊच शकत नाही.

नाशिकमधल्या जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे हा सिरीज बोर्ड अजून दिसतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तो वस्तू वाचवतो, माणूस नाही. शॉक बसायचा तो बसतोच.

[पडद्यावर: टेबल. ब्रेडबोर्ड, मल्टिमीटर, दोन नॉबचा पॉवर सप्लाय.]

आज माझ्या टेबलावर हा बेंच पॉवर सप्लाय आहे. एक नॉब व्होल्टेजचा, दुसरा करंटचा. नवीन मुलं विचारतात, सप्लाय किती व्होल्टचा घेऊ, किती अँपिअरचा घेऊ? मी म्हणतो, आधी हे बघ की करंट अडवायचा नॉब आहे का. 30 व्होल्ट, 5 अँपिअर हे आकडे खोक्यावर छान दिसतात, पण ब्रेडबोर्डवरच्या, म्हणजे सोल्डर न करता भोकांत खोचून जोडलेल्या, सर्किटला बहुतेक वेळा 50 मिलिअँपिअरही लागत नाहीत. उलटी लावलेली आयसी 50 मिलिअँपिअरवर गरम होते आणि हाताला कळते. 5 अँपिअरवर ती कळेपर्यंत उडालेली असते.

वापरायची रीत साधी आहे. सर्किट न जोडता व्होल्टेज लावा. मग लाल-काळी टोकं एकमेकांना टेकवा आणि करंटचा नॉब फिरवून हवा तो आकडा धरा. अशा सप्लायला शॉर्ट केल्याने काही होत नाही, तो त्यासाठीच बनवलेला असतो. मग सप्लाय बंद करा, सर्किट जोडा आणि पुन्हा चालू करा. हा क्रम मोडू नका. सप्लायच्या तोंडाशी आतून एक कंडेन्सर बसवलेला असतो. चालू सप्लायला सर्किट टेकवलं, तर त्यात साठलेलं सगळं एका झटक्यात बाहेर येतं आणि करंटची मर्यादा लागू व्हायच्या आत एलईडी गेलेला असतो. म्हणून 12 व्होल्टवर लाल एलईडी लावताना, मर्यादा 20 मिलिअँपिअर ठेवली तरी 560 ओहमचा रेझिस्टर हवाच. एलईडीवर 2 व्होल्ट पडतात, रेझिस्टरवर 10, आणि करंट जातो सुमारे 18 मिलिअँपिअर.

[पडद्यावर: उघडा पत्र्याचा डबा. ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, उंच कंडेन्सर.]

विकत घ्यायच्या आधी मी एक घरी केला होता. तो करावाच, असं माझं मत आहे. ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारे 1एन4007चे चार डायोड, 4700 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारी आयसी, एलएम317. महात्मा गांधी रोडवर हिंडून एका दुपारात सामान जमलं. मला 12 व्होल्ट हवे होते, म्हणून मी 12 व्होल्टचाच ट्रान्सफॉर्मर घेतला. दुपारी सगळं ठीक चाललं. संध्याकाळी, आजूबाजूच्या घरांत दिवे-पंखे लागले की त्यावर लावलेला अँप्लिफायर घुमायला लागायचा. आठवडाभर मी सोल्डरिंग परत परत तपासत बसलो.

दोष सोल्डरिंगचा नव्हताच. मीटर लावला तर भिंतीतच 200 व्होल्ट येत होते. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे 12 झाले साडेदहाच्या आत. एसी लहरीचं शिखर त्याच्या 1.414 पट, सुमारे 14.7. डायोडच्या जोडीने पावणेदोन व्होल्ट खाल्ले, उरले 13. आता कंडेन्सरचं बघा. सेकंदाला शंभर वेळा तो भरतो, आणि मधल्या काळात एकटाच भार ओढतो. 1 अँपिअरला 4700 मायक्रोफॅरडवरचं व्होल्टेज त्या अवधीत दोन व्होल्टने खाली येतं. राहिले 11. त्यातले दोन-अडीच एलएम317ला स्वतःसाठी लागतात. बाहेर येणार साडेआठ, आणि त्यावर सेकंदाला शंभर हेलकावे. घुमत होतं ते हेच.

ट्रान्सफॉर्मर बदलून 18 व्होल्टचा घेतला. कंडेन्सर 50 व्होल्टचा लावला, कारण रात्री उशिरा भिंतीत 250 येतात, भार काहीच नसतो, आणि तेव्हा त्याच ट्रान्सफॉर्मरमधून 30 व्होल्टच्या वर निघतं. 25 व्होल्टचा कंडेन्सर अशा ठिकाणी फुगतो, फुटतोसुद्धा.

पण व्होल्टेज वाढवलं की उष्णता वाढते. एलएम317मध्ये आत 22 व्होल्ट, बाहेर 5 आणि करंट 1 अँपिअर, म्हणजे 17 वॅट नुसत्या उष्णतेत. माझं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं आहे. नखाएवढ्या आयसीकडून तेवढं निभणार कसं? उष्णता पसरवणारं मोठं हीटसिंक असलं तरी ती तापून हात आखडता घेते आणि व्होल्टेज पडतं. म्हणून या डब्यावर 5 व्होल्टला मी 300 मिलिअँपिअरच्या वर जात नाही.

एलएम317ला करंटचा नॉब नसतो. शॉर्ट झालं तर ती दीड-दोन अँपिअर सोडून मोकळी होते. त्यावर उपाय म्हणजे तिच्या आधी आणखी एक एलएम317. या पहिलीच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायांमध्ये एक रेझिस्टर लावायचा आणि पुढची वायर अ‍ॅडजस्टच्या पायावरून घ्यायची. त्या रेझिस्टरवर ती 1.25 व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. 12 ओहम लावले तर करंट 100 मिलिअँपिअरपाशी थांबतो, 2.2 ओहम लावले तर 570पाशी. दोन रेझिस्टर आणि एक स्विच, झाला काकांचा बल्ब.

230 व्होल्टच्या बाजूला मात्र काटकसर नको. फेजवर फ्यूज, पत्र्याच्या डब्याला अर्थिंग, तीन पिनचा प्लग, आणि प्रत्येक उघड्या टोकावर स्लीव्ह. ट्रान्सफॉर्मर न लावता नुसत्या कंडेन्सरने व्होल्टेज उतरवलेलं सर्किट टेबलावर आणूच नका. त्याचं 5 व्होल्टचं टोकसुद्धा फेजला जोडलेलं असू शकतं.

[पडद्यावर: हिरवा बोर्ड, कडेला वाळलेला चिखल.]

हा बोर्ड दिंडोरीहून आला. माझा मामेभाऊ द्राक्ष करतो. त्याच्या ठिबकच्या टायमरचा हा बोर्ड, 12 व्होल्टचा. छाटणी होऊन गेलेली, बागेला पाणी वेळेवर हवं, आणि फ्यूज लावला की उडतोय. "दादा, तीन फ्यूज घातले. आता मोठा घालू का?"

मी म्हटलं, मोठा फ्यूज घातलास तर बोर्डावरचा तांब्याचा पट्टाच फ्यूज होईल. घेऊन ये.

सप्लाय दीड व्होल्टवर, मर्यादा 1 अँपिअर. टोकं उलट्या जोडणीपासून वाचवणाऱ्या संरक्षक डायोडच्या पुढे लावली. दीड व्होल्टवर चांगल्या आयसींना धक्का लागत नाही, पण शॉर्ट झालेल्या भागातून करंट जातोच, आणि तो भाग तापतो. व्होल्टेजचा आकडा लगेच 0.4वर घसरला. मग बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं आणि दोघेही वाकून बघत राहिलो.

[पडद्यावर: ओला बोर्ड जवळून. एका जागी ओल आटते.]

इथे. इतरत्र ओल तशीच, आणि या एका बारक्या कंडेन्सरभोवती कोरडं पडत चाललं. तो काढला. 1 अँपिअर दाखवणारा मीटर शून्यापाशी आला. नवा बसवला, मर्यादा 200 मिलिअँपिअर ठेवली आणि व्होल्टेज हळूहळू 12पर्यंत नेलं. टायमरचा आकडा उमटला. करंट 64 मिलिअँपिअर, आणि पाच मिनिटं तो हलला नाही.

मामेभावाने बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळला. उठताना त्याला ती लाकडी पाटी दिसली. म्हणाला, "ही अजून आहे?" बल्ब नवीन आहे, मी सांगितलं. बाकी सगळं तेच.