हार्ड डिस्क काढलेली लॅब

(दृश्य: उघडलेला कॅबिनेट, पंख्यावर धुळीचा थर. स्क्रू ड्रायव्हर फिरतो आहे.)

चार स्क्रू, एक डेटा केबल, एक पॉवर केबल. हार्ड डिस्क बाहेर आली. तालुक्याच्या गावातली ही शाळेची लॅब. एका खोलीत २० मशीन आहेत आणि आज विसांच्याही डिस्क निघणार आहेत. त्यानंतर ही सगळी मशीन नेटवर्कवरून चालू होतील, म्हणजे आपली सिस्टीम एका सर्व्हरकडून, सगळ्यांना पुरवणाऱ्या एका मुख्य कॉम्प्युटरकडून घेतील.

(दृश्य: रॅमवर फिरणारं खोडरबर, अगदी जवळून.)

रॅमचे सोनेरी पाय खोडरबराने पुसायचे, हे सरांनी नववीच्या मुलींना एकदा दाखवलं. आता त्यांना सांगावं लागत नाही. दुसरं काम मदरबोर्डवरच्या गोल सेलचं. तो उतरला की लाईट जाताच बायोस, म्हणजे मशीन सुरू करून देणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम, सगळं विसरतो. तारीख, वेळ आणि मशीनने कुठून सुरू व्हायचं तेसुद्धा. म्हणून आधी नवे सेल बसले. मग प्रत्येक बायोसमध्ये पहिला नंबर नेटवर्कला दिला.

(दृश्य: क्रिंपिंग टूल, आठ रंगीत तारा एका ओळीत.)

केसरी-पांढरी, केसरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. नेटवर्कच्या वायरीतला हा क्रम चुकला तर लॅबमधलं एक मशीन मुकं राहतं. इथे सगळ्या वायरी जोडणारा स्विच गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा घेतला आहे आणि खर्चात हात आखडायचा नाही अशी ही एकच जागा. १०० एमबीपीएसच्या जुन्या स्विचमधून सेकंदाला जेमतेम १२ एमबी येतात. सर्व्हरची वायर तेवढीच असेल, तर ते १२ एमबी विसांत वाटले जातात.

(दृश्य: काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं.)

बटण दाबलं. स्क्रीनवर क्लायंट मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डचा स्वतःचा क्रमांक उमटला. त्याखाली डीएचसीपी आणि फिरणारी रेघ. नेटवर्क कार्ड विचारतं आहे, मला पत्ता कोण देणार आणि सुरू कुठून होऊ? पत्ता देतो शाळेचा नेहमीचा राउटर, त्याला कुणी हात लावलेला नाही. ‘कुठून’ याचं उत्तर कोपऱ्यातला सर्व्हर देतो. पाठोपाठ टीएफटीपी या फाईल पाठवायच्या साध्या पद्धतीने लिनक्स या मोफत सिस्टीमचा कर्नल, म्हणजे गाभा येतो आणि मग एनएफएसवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या फाईल नेटवर्कवरून वाचायच्या पद्धतीने, अख्खी सिस्टीम, एकाच दाबून भरलेल्या फाईलमधून. पहिलं मशीन मागतं तेव्हा सर्व्हर ती फाईल आपल्या डिस्कवरून वाचतो. त्यानंतर ती त्याच्या रॅममध्ये बसलेली असते, त्यामुळे बाकीच्यांसाठी डिस्ककडे फारसं जावं लागत नाही.

(दृश्य: एकामागून एक उजळणारे मॉनिटर. मुलांचा आवाज: “सर, आमचा पण झाला!”)

(दृश्य: सर्व्हरचा स्क्रीन, टर्मिनलची खिडकी.)

या पद्धतीमागचं सॉफ्टवेअर म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, एलटीएसपी. अमेरिकेत जिम मॅकक्विलन यांनी ते १९९९मध्ये सुरू केलं. तेव्हा समोरचं मशीन, म्हणजे टर्मिनल, फक्त पडदा आणि कीबोर्ड. सगळे प्रोग्रॅम सर्व्हरवर चालायचे, सर्व्हर दणकट लागायचा, आणि कुणी व्हिडिओ लावला की तो अडखळायचा. आपल्याकडे अनेकांच्या मनात टर्मिनलचं हेच चित्र अजून आहे. पण २०१९मध्ये एलटीएसपी मुळापासून नव्याने लिहिलं गेलं. त्यात ग्रीसमधल्या शाळांच्या लॅब सांभाळणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. आता प्रोसेसर आणि रॅम समोरच्या मशीनचीच वापरली जाते. दूर असते ती फक्त डिस्क. ४ जीबी रॅम असली की ब्राउझर मोकळेपणाने चालतो. मुलीने आपल्या नावाने लॉगिन केलं की तिचं फोल्डर सर्व्हरवरून येतं, ती कोणत्याही खुर्चीवर बसो.

(दृश्य: कपाटात रचलेल्या जुन्या सीडी, मागच्या वर्षीची देखभालीची वही.)

प्रत्येक मशीनवर वेगळं इन्स्टॉलेशन असताना काय होत होतं, ते या वहीत आहे. पेनड्राइव्हमधून आलेला शॉर्टकट व्हायरस. भर तासाला लाईट गेली आणि विंडोज पुन्हा उठलंच नाही. सातव्या मशीनवर मराठी कीबोर्ड आहे, आठव्यावर नाही. दुरुस्तीला सर एकटे, आणि सरांकडे गणिताचे तासही आहेत. लॅबला कुलूप लागतं ते बहुतेक वेळा असंच. मशीन बिघडलेली नसतात, त्यांना वेळ देणारा माणूस नसतो. म्हणून आम्ही डिस्क काढण्याच्या बाजूचे आहोत.

(दृश्य: सर एका मशीनचा प्लग थेट ओढतात. मुलं दचकतात. पुन्हा प्लग, पुन्हा चालू.)

मशीनमध्ये सिस्टीमचं काही लिहिलंच जात नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही. सेव्ह न केलेलं काम तेवढं जातं. यूपीएस लागतो तो सर्व्हरला आणि स्विचला.

केरळच्या सरकारी शाळांनी मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर घेतलं, पण ते एकेका कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करून, आणि त्यांचं काम उत्तम चाललं. त्यामागे शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, राज्यभराची यंत्रणा होती. जिथे लॅपटॉप वर्गावर्गात फिरतात तिथे तीच वाट बरी, कारण वायफायवरून असं बूट करणं भरवशाचं नाही. आणि हो, सर्व्हर बंद पडला तर सगळी लॅब बंद.

(दृश्य: कॅबिनेटमधून काढलेली एक डिस्क, तिच्यावर खडूने ‘राखीव’.)

त्यासाठी निघालेल्या डिस्कमधली सर्वात धडधाकट डिस्क बाजूला ठेवली आहे. तीवर सर्व्हरची पूर्ण नक्कल आहे. सर्व्हरची डिस्क गेली की ही जोडायची. मुलांच्या फोल्डरची नक्कल दर शनिवारी वेगळी.

(दृश्य: सर टाइप करतात. मागे दहावीची दोन मुलं वाकून बघताहेत.)

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि दोन फॉन्ट हवे होते. सरांनी ते सर्व्हरवर घातले. मग ‘एलटीएसपी इमेज’ ही आज्ञा दिली, नवी फाईल तयार झाली आणि विसांच्या वीस मशीनना रीस्टार्ट.

तुमच्या शाळेत हे करायचं असेल तर आधी बायोसमध्ये नेटवर्क बूटचा पर्याय आहे का ते बघा, मग स्विचवर १००० लिहिलं आहे का ते. डिस्क लगेच काढू नका. बूटचा क्रम बदलून एकाच मशीनवर आठवडाभर चालवा. जमलं नाही तर क्रम पुन्हा पहिल्यासारखा करा, मशीन आपल्या डिस्कवरून सुरू होईल.