पुडीवाला, कंटेनरवाला आणि कायदा

(ठाण्यात नौपाड्यात एका सभागृहात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

आवाज मागपर्यंत येतोय ना? बरं. आयोजकांनी विषय दिला, अंमली पदार्थांचा कायदा आणि त्याची अंमलबजावणी न्याय्य आहे का, आणि वर फोनवर सांगितलं की सर, दोन्ही बाजू मांडा. ते काय मला जमणार नाही. कोर्टनाक्यावर इतकी वर्षं फौजदारी वकिली केल्यावर एक बाजू धरून भांडायची सवयच लागते, म्हणून माझी बाजू आधीच सांगून टाकतो. विकणाऱ्यावर कायदा हवा, कडक हवा. पण घेणाऱ्याला आरोपी करणं मला पटत नाही, आणि आपल्याकडे जोर नेमका तिकडेच जास्त लागतो.

आधी एक गंमत करू. इथं कोणाकडे दारूचं परमिट आहे, हात वर करा. हं, एकही हात नाही, नुसतंच हसताय. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा नाव बदलून अजून जिवंत आहे बरं का, त्यानुसार परमिट नसताना घेतली तर आजही गुन्हा होतो, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री अर्धं ठाणे आरोपी. मोरारजींच्या काळात तो खरंच राबवला गेला, आणि त्यातून घरोघरी संयम आला का? आल्या हातभट्ट्या, आले हप्ते आणि आले दादालोक. पुढे सरकारनेच तो हळूहळू ढिला केला, आता त्याच दारूच्या महसुलावर राज्याचं बजेट बघतात. २०१९ ला केंद्राने एम्सकडून देशभराचा सर्व्हे करून घेतला होता, त्यात १० ते ७५ वयाच्या लोकांत दारू घेणारे १४.६ टक्के आणि भांग-गांजा-चरस सगळं मिळून २.८ टक्के निघाले. जास्त घरं कशाने बसतात ते सांगायला वकील लागत नाही. तरी एकाला परमिट आणि दुसऱ्याला कोठडी.

आणि भांग? एकाच झाडाचा शेंडा, म्हणजे फुलोरा, तो गांजा. नुसती पानं, म्हणजे भांग, असतील तर एनडीपीएसमध्ये, म्हणजे आपल्या अंमली पदार्थांच्या कायद्यात, बसतच नाहीत, तिथे राज्याचे नियम लागतात. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आपल्यासारख्या देशांना गांजाची जुनी वहिवाट बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळाली होती, तोवर कित्येक राज्यांत परवान्याची गांजाची दुकानं चालू होती. मग १९८५ मध्ये हा एनडीपीएस आणायची एकदम घाई. ऑगस्टमध्ये बिल आलं, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही, १४ नोव्हेंबरला लागू. एवढा मोठा कायदा, आणि हेरॉईन थोडं असो की पोतंभर, सुरुवात १० वर्षांपासून, आणि हा माल माझ्या स्वतःपुरता होता हे सिद्ध करायचं आरोपीने. मालाच्या वजनाप्रमाणे शिक्षा ही साधी गोष्ट यायला २००१ उजाडलं.

हे वजनाचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ त्यातच आहे. गांजा एक किलोपर्यंत अल्प, २० किलोपासून व्यापारी. हेरॉईन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. एमडी, म्हणजे पोरं ज्याला म्याव म्याव म्हणतात ते, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. व्यापारी मात्रा झाली की किमान १० वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ बंद, कारण हा माणूस निर्दोष असावा असं न्यायाधीशालाच आधी वाटायला पाहिजे, खटला चालायच्या आधी! आता ब्राऊन शुगर, म्हणजे रस्त्यावरचं स्वस्त हेरॉईन, शुद्ध कधी मिळत नाही, त्यात काय काय कालवलेलं असतं. २००८ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं शुद्ध अंश मोजा, २०२० मध्ये हिरा सिंग निकालात म्हणालं, नाही, भेसळीसकट सगळं मोजा. माझं प्रामाणिक मत, दुसरा निकाल मोठ्या विक्रेत्यासाठी बरोबर आणि पुलाखाली पडलेल्या गर्दुल्ल्यासाठी क्रूर आहे, कारण त्याला गंडवून विकलेली पावडर सुद्धा त्याच्याच नावावर चढते.

आता रस्त्यावर काय होतं ते. राज्यात एनडीपीएसखाली जे गुन्हे नोंदवले जातात त्यात मोठा वाटा सेवनाचा आणि स्वतःपुरता माल बाळगल्याचा असतो. कॉलेजचा पोरगा, रिक्षावाला, नाक्यावरचा मजूर. सोपी केस असते ती, डोळे लाल, खिशात पुडी, दोन पंच, मेडिकल, झालं. महिन्याचा आकडा भरतो. कंटेनरवाल्याच्या, म्हणजे कंटेनरमधून माल आणणाऱ्याच्या, मागे जायला मात्र महिनोन्महिने माहिती काढावी लागते, कस्टमची कागदपत्रं वाचावी लागतात, बँकांचे व्यवहार बघावे लागतात. ते आपल्याकडे होतच नाही असं मी म्हणत नाहीये हां. ऑगस्ट २०२० मध्ये इथे न्हावाशेवा बंदरात १९१ किलो हेरॉईन पकडलं, ज्येष्ठमध म्हणून आलेल्या मालात पाईपमध्ये भरून आणलं होतं. त्याच्या आधी २०१६ ला आपल्या ठाणे पोलिसांनीच सोलापूरकडच्या एका फॅक्टरीतून टनावारी इफेड्रिन, म्हणजे नशेच्या मालाचं कच्चं रसायन, काढलं. असं काम दिसलं की मी वकील असून सलाम ठोकतो. पण अशा मोठ्या कारवाया बोटावर मोजण्याइतक्या, आणि सेवनाच्या केसेस रोजच्या.

एक किस्सा सांगतो, खरा आहे. मोठा पैसा लावणाऱ्यांना धरायला कायद्यात कलम २७-अ आहे. ते कलम ज्या व्याख्येवर उभं आहे तिच्या पोटकलमाचा नंबर २०१४ च्या दुरुस्तीत बदलला आणि २७-अ मध्ये तो बदलायचा राहिला, म्हणजे कलम बोट दाखवतंय भलतीकडेच. सात वर्षं तसंच! २०२१ मध्ये त्रिपुरा हायकोर्टापुढे विषय निघाला तेव्हा अध्यादेश काढून, पाठीमागच्या तारखेपासून, ती चूक दुरुस्त केली. सेवनाच्या कलम २७ मध्ये असं भोक असतं ना, आठवड्यात कळलं असतं, कारण ते रोज वापरात.

झडतीचे नियम चांगले आहेत, कागदावर. कलम ५० प्रमाणे अंगझडती घ्यायच्या आधी विचारायचं, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती हवी का. आमच्या पोराला हा हक्क आहे हेच माहीत नसतं, घाबरून तो नको नको म्हणतो आणि तेच लिहून घेतात. तोच तो पंच पाच केसेसमध्ये सही करताना मी पाहिलाय. पूर्वी अधिकाऱ्यासमोर दिलेला कलम ६७ चा जबाब कबुलीजबाब म्हणून चालवायचे, ते तूफान सिंग निकालाने २०२० ला बंद केलं. आणि २०२१ चं क्रूझवरच्या ड्रग्जच्या छाप्याचं प्रकरण आठवत असेलच, एवढ्या मोठ्या नटाचा मुलगा तीन आठवड्यांच्या वर आत, पुढे मे २०२२ मध्ये आरोपपत्र आलं तर त्यात त्याचं नावच नाही. त्याच्याकडे देशातले नामांकित वकील होते. कळव्याच्या पोराकडे कोण असतं?

आता माझ्या विरुद्ध बोलतो, कारण ओरेगॉनचं उदाहरण तुमच्यापैकी कोणीतरी काढणारच. अमेरिकेतल्या त्या राज्यात २०२० ला लोकांनी मतदान करून जवळ बाळगणं गुन्ह्यातून काढलं, १०० डॉलरची पावती, हेल्पलाईनला फोन केला तर तीही माफ. फोन फारसे आलेच नाहीत, उपचाराची केंद्रं वेळेवर उभी राहिली नाहीत, रस्त्यावर उघड चालू झालं, लोक वैतागले, २०२४ मध्ये परत गुन्हा. पोर्तुगालने २००१ मध्ये हेच केलं, दहा दिवसांपुरता माल असेल तर फौजदारी केस नाही, पण माल जप्त होतो आणि माणसाला एका समितीसमोर बसावं लागतं, डॉक्टर-समुपदेशक यांच्याशी गाठ पडते. मला त्यातून एवढंच दिसतं की नुसतं कलम पुसून भागत नाही, कलमाच्या जागी कोणीतरी माणूस उभा पाहिजे. आपल्याकडे पुण्यात अवचट पती-पत्नींनी १९८६ ला मुक्तांगण काढलं, म्हणजे एनडीपीएस लागू झाल्यावर वर्षभरात. तेव्हा गर्दची, म्हणजे याच ब्राऊन शुगरची, लाट होती आणि घरातल्यांना पोरगं कुठे न्यावं कळत नव्हतं. अशी केंद्रं जिल्ह्याला किती आहेत ते बघा आणि मग घेणाऱ्यांना तुरुंगात पाठवण्याचा खर्च काढा.

प्रश्न आहे का? हो काकू, बोला. मुलगा सापडला तर काय करायचं. चांगला प्रश्न, सगळ्यांच्या मनातला. कलम ६४-अ लिहून घ्या. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या केसमध्ये सापडला आणि स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. वकिलाला पहिल्याच तारखेला हे सांगा, काही वकिलांनाही सुचत नाही. आणि यात एक विचित्र गोष्ट आहे, ही सवलत "व्यसनी" माणसाला आहे, म्हणजे ज्याने मित्रांबरोबर येऊरच्या डोंगरावर एकदाच झुरका मारला त्याला कलमाच्या शब्दांप्रमाणे काहीच नाही. पक्का व्यसनी सुटतो, नवखा अडकतो.

मागे कोण म्हणालं, "तुम्ही वकील, तुम्ही असंच बोलणार"? बरोबर आहे की. पण सेवनाच्या केसेस बंद झाल्या तर सगळ्यात आधी माझंच उत्पन्न कमी होईल, हेही हिशोबात धरा. पुढचा प्रश्न घ्या.