सासूबाईंचा फळा

नमस्कार श्रोतेहो.

मालवणच्या बाजारात आमची खानावळ आहे. एका वेळी २८ माणसं बसतात, दाटीवाटी केली तर ३०. दाराशी एक लाकडी फळा आहे, त्याला दर वर्षी गणपतीच्या आधी काळा रंग मारायचा. माझ्या सासूबाई रोज बंदरावरून मासे आले की त्यावर खडूने लिहायच्या: बांगडा, सौंदाळे, मोरी, सोलकढी. आणि सुरमई नसली की सगळ्यात वर, जरा मोठ्या अक्षरात, "सुरमय नाय". लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. जे नाही ते कशाला लिहायचं? एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "नाय ता पयल्यांदा लिव गो, मगे आसा त्येच्यार विश्वास बसतलो."

आज मला बोलायला सांगितलंय ते सोशल मीडियावर. खानावळीने, हॉटेलने फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप कसं वापरावं, गिऱ्हाईक कसं जोडावं. आणि मी सुरुवात केली खडूपासून. त्याला कारण आहे. या फोनवर मी इतक्या वर्षांत जे काही करून बघितलं, त्यातलं जे टिकलं ते त्या फळ्यावर आधीपासून होतं. जे फळ्यावर नव्हतं त्याने आम्हाला एकदा चांगलंच पोळलं. ते पोळलेलं आधी सांगते.

नाताळच्या आधीचा आठवडा होता. तारकर्लीला पाण्यात उतरायला आलेला एक मुलगा जेवायला आला. हातात कॅमेरा. वडे तेलात फुगताना, सोलकढी वाटीत पडताना, तव्यावर सुरमईची तुकडी परतताना, असं त्याने टिपलं आणि अर्ध्या मिनिटाचं रील केलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. माझी मुलगी तर उडीच मारायची बाकी होती. ते लाखो लोकांनी बघितलं म्हणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला दारात रांग. आता वड्याचं पीठ आदल्या रात्री भिजवून ठेवावं लागतं. रांग बघून ते दुपारी वाढत नाही. मासेही रोजच्या अंदाजाने घेतलेले. पाऊण वाजता वडे संपले, दीडला मासे. पुण्याहून लहान मुलांना घेऊन आलेली माणसं उन्हात उभी. ज्यांना जेवण मिळालं त्यांनाही धड वाढता आलं नाही. आणि माझं खरं दुःख वेगळंच. वर्षभर, भर पावसातसुद्धा, आमच्याकडे जेवणारे दोन शिक्षक आणि कोर्टातले एक कारकून दारापर्यंत आले, रांग बघितली आणि काही न बोलता परत गेले. संध्याकाळी गूगलवर एकामागून एक, पाचपैकी एकच तारा देणारे अभिप्राय. एका गृहस्थांनी तर आत पाऊलही न टाकता चव वाईट असल्याचं लिहिलं.

रात्री साडेअकराला आमच्या ह्यांनी फोन हातात घेतला आणि उत्तर दिलं, "तुम्हाला आमंत्रण कुणी दिलं होतं?"

पुण्यातल्या एखाद्या दुकानावर पाटी म्हणून हे वाक्य खपून गेलं असतं, लोकांनी कौतुकाने फोटोही काढले असते. पण पाटी आपल्या भिंतीवर असते. गूगलवरचं उत्तर, आपलं नाव शोधणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात जाऊन पडतं. सकाळी मुलीने ते पुसलं. तोवर त्याचा फोटो काढून कुणीतरी तीन ग्रुपवर फिरवला होता.

म्हणून पहिली गोष्ट या गूगलचीच सांगते, कारण खानावळवाले हिच्याकडे सगळ्यात कमी बघतात. नकाशावर आपलं नाव दिसतं ना, ते पान आपल्याला फुकट ताब्यात घेता येतं. वेळ, सुट्टीचा दिवस, फोन नंबर, फोटो, सगळं आपण भरायचं. आपण भरलं नाही तर येणारे-जाणारे भरतात. आमची वेळ कुणीतरी रात्री अकरापर्यंत घातली होती. आम्ही साडेनऊला भांडी घासतो! दहाला दार वाजवणारा माणूस आमच्यावर का चिडतो, हे कळायला आम्हाला सहा महिने लागले. आणि हो, लोकांनी लिहिलेला वाईट अभिप्राय मालकाला पुसता येत नाही. नियम मोडणारा असेल तर तक्रार तेवढी करता येते. तारे वाढवायला गिऱ्हाइकाला फुकट सोलकढीची लाच देणंही त्यांच्या नियमात बसत नाही.

हे तारे पैशात किती मोजतात? हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकल लुका यांनी अमेरिकेतल्या सिएटल शहरातली हॉटेलं घेऊन २०११ साली याचा अभ्यास मांडला. येल्प नावाच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना दिसलं. पण त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुढे आहे. हा फरक एकट्यादुकट्या हॉटेलांनाच पडत होता. ज्यांच्या गावोगाव शाखा आहेत त्यांना नाही. मला ते लगेच पटलं. शाखावाल्याकडे काय मिळणार हे गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असतं. आमच्यासारख्याकडे शिरताना माणूस चाचपडत असतो, म्हणून तो दुसऱ्याला विचारतो.

आता हे दुसऱ्याला विचारणं किती फसवं असू शकतं, त्याचा एक किस्सा. लंडनमध्ये ऊबा बटलर नावाचा एक तरुण होता. हॉटेलांसाठी पैसे घेऊन खोटे अभिप्राय लिहिण्याचं काम त्याने पूर्वी केलेलं. २०१७ साली त्याने आपण राहतो ती बागेतली शेडच रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझर या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर नोंदवली. जेवण नाही, आचारी नाही, टेबलं नाहीत. दाढीच्या फेसाचे आणि रंगाचे पदार्थ करून त्यांचे झकास फोटो टाकले, मित्रांकडून अभिप्राय लिहून घेतले आणि फोन आला की सांगायचं, जागा नाही. नोव्हेंबरमध्ये ते लंडनमधलं पहिल्या नंबरचं रेस्टॉरंट झालं! मी हे घरात वाचून दाखवलं तेव्हा ह्यांचा पहिला प्रश्न होता, "मग भाडं किती भरायचा?"

हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडेही कुणीतरी येतं आणि म्हणतं, ताई, एवढे पैसे द्या, एवढे हजार फॉलोअर करून देतो, एवढे चांगले अभिप्राय पाडतो. नको म्हणा. आणि कुणी फुकट जेवून किंवा पैसे घेऊन तुमचं कौतुक करणार असेल, तर ते कौतुक नसून जाहिरात आहे, हे त्याने स्पष्ट लिहिलं पाहिजे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. आमची वर्षाची उलाढालही तेवढी नाही हो.

तर त्या डिसेंबरनंतर मुलगी म्हणाली, आई, आता रील नको. आपण आजीचा फळा टाकूया.

सासूबाई तेव्हा होत्या. गुडघे गेले होते, पण फळा त्याच लिहायच्या. मुलीने रोज साडेदहाला त्या फळ्याचा फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवायचा. एवढंच. ना गाणं, ना सजावट. अक्षर वाकडं, "सुरमय"चा "य" कायम ओळीबाहेर. स्टेटस २४ तासांनी आपोआप नाहीसं होतं, हे मला फार आवडलं, कारण मासळीचंही तसंच असतं. कालचा फळा कुणाला हवाय?

मग त्यात आम्ही एक भर घातली, भाव. मालवणात बाहेरच्या गिऱ्हाइकाचं आणि आमचं भांडण होतं ते बहुतेक एका शब्दावरून, "साइजप्रमाणे". मेनूकार्डावर पापलेटपुढे आकडा नसतो, साइजप्रमाणे असं असतं, आणि बिल आलं की डोळे पांढरे होतात. आमचाही नाइलाज असतो. बंदरावर लिलावात आज जो भाव लागला तो उद्या लागत नाही. पण आजचा भाव आज सांगायला काय हरकत आहे? छापलेल्या कार्डावर ते जमत नव्हतं, खडूने आणि फोनने जमलं. थाळीपुढे आकडा आला. महाग असेल तर महाग. ज्याला परवडतं तो येतो, ज्याला नाही तो बांगडा खातो. बिलावरची भांडणं जवळजवळ थांबली.

आता एक तांत्रिक खाचखळगा, पण उपयोगाचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टने एक निरोप एकदम २५६ जणांना पाठवता येतो. मात्र तो पोचतो त्यालाच, ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवलाय. पहिल्यांदा मला याचा राग आला. नंतर वाटलं, बरंच आहे की. ज्याने आपलं नाव लिहून ठेवलं नाही त्याच्या घरात का शिरायचं? आम्ही आता गल्ल्यावर विचारतो, "नंबर ठेवताय का? रोज फळा दिसेल." कुणी ठेवतं, कुणी हसून जातं.

कधी काय टाकायचं, हे लोक मला विचारतात. मोठ्या हॉटेलांत म्हणे त्याचं वेळापत्रक करायला माणूस ठेवतात. आमचं वेळापत्रक भिंतीवरच्या कालनिर्णयात आहे. संकष्टीला, एकादशीला, मार्गशीर्षातल्या गुरुवारी सुरमईचा फोटो टाकून काय उपयोग? त्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी. गटारीच्या आधी चार दिवस मात्र मागणी विचारून घ्यायची, मुकाट्याने कोंबड्या सांगून ठेवायच्या. गणपतीला चाकरमानी येतात. गाडीत बसल्यापासून त्यांचे निरोप सुरू होतात, "पेडवे गावतले मा?" त्यांना रील दाखवावं लागत नाही. त्यांना फक्त हो की नाही सांगायचं असतं, आणि लवकर सांगायचं असतं.

आणि जून-जुलै. यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. बाहेरून आलेल्याला हे माहीतच नसतं, त्याला ताजी सुरमई हवी असते. काही ठिकाणी बर्फातली मिळतेही, ताजी म्हणून. आम्ही फळ्यावर लिहायला लागलो, "समुद्र बंद. खाडीचे मासे मिळाले तर. सुको बांगडो आसा. टाकळ्याची भाजी, आठळ्या घालून." ह्यांना वाटलं, आता उरलंसुरलं गिऱ्हाईकही जाईल. झालं भलतंच. टाकळा खायला म्हणून कोल्हापूरहून एक कुटुंब आलं! त्या बाई म्हणाल्या, तुम्ही नाही म्हणून सांगितलंत, म्हणून आलो. सासूबाई ओट्यापाशी बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं.

आमचाच फळा तेवढा जगात नाही, हे मला पुढे कळलं. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये २००८ साली कोगी नावाची एक खाण्याची गाडी निघाली. रॉय चोई नावाचे आचारी, कोरियन पद्धतीचं भाजलेलं मांस आणि ते मेक्सिकन टाकोत भरलेलं. गाडी रोज वेगळ्या ठिकाणी उभी राहायची, आणि आज कुठे, किती वाजता, हे ते ट्विटरवर लिहायचे. लोक तिथे जाऊन रांग लावायचे. म्हणजे त्यांचाही निरोप फळ्यासारखाच होता. आम्ही चांगले आहोत, हे त्यात कुठेच नाही. अमक्या नाक्यावर तमक्या वेळेला आहोत, एवढंच.

राहिला प्रश्न उत्तरं देण्याचा. घरात आम्ही ठरवलंय की रात्री नवानंतर कुणीही अभिप्रायाला उत्तर द्यायचं नाही. सकाळी चहा झाल्यावर मुलगी वाचून दाखवते. सोलकढी फार आंबट होती असं कुणी लिहिलं, तर आधी मी त्या दिवशी कोकमाचं आगळ कुठल्या बाटलीतलं होतं ते बघते. चूक असेल तर तीच लिहायची: "त्या दिवशी आगळ जास्त पडलं, पुढच्या वेळी आधी चव घेऊन वाढू." "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आपण आमच्यासाठी मौल्यवान आहात" असलं काही लिहायचं नाही. असं गल्ल्यावर कुणी बोलतं का? आणि चूक नसेल तर तसंही सांगायचं, शांतपणे. एकाने लिहिलं होतं की वड्यांबरोबर चपाती दिली नाही. आता याला मी काय करू! मुलीने उत्तर दिलं, "कोंबडी-वड्यात वडे हीच पोळी. तरी पुढच्या वेळी सांगा, भाकरी करून देऊ." ते गृहस्थ पुढच्या मे महिन्यात खरंच आले आणि भाकरी मागितली.

सासूबाई गेल्याला आता दोन वर्षं झाली. फळा मी लिहिते. माझं अक्षर बरं आहे, म्हणून सुरुवातीला काही जणांनी विचारलं, आजी बऱ्या आहेत ना? स्टेटसवरच कळलं त्यांना. मस्कतहून एका माणसाने लिहिलं की तो रोज दुपारी डबा उघडताना आमचा फळा बघायचा. इथे जेवलाय तो फक्त एकदा, कधीतरी मुंजीला आला होता तेव्हा.

आज या रेकॉर्डिंगसाठी निघताना फळ्यावर काय लिहावं, कळेना. शेवटी लिहिलं, "आज दुपारी बंद. आई रेडिओवर गेली आहे." मुलीने नेहमीप्रमाणे फोटो टाकला. स्टुडिओत येईपर्यंत १७ उत्तरं आली होती. एकाने विचारलंय, कार्यक्रम किती वाजता लागणार? बाकी १६ जणांना एवढंच हवंय, "संध्याकाळी उघडं ना?"

उघडं आहे. बांगडा आहे, तिसऱ्या आहेत. सुरमय नाय.

नमस्कार.